बेळगाव बघायला येताय? आधी पावसाची दिशा विचारून घ्या

गोव्याला जाताना कुंदा, ही इथली खव्याची मिठाई, घ्यायला थांबायचं गाव, एवढीच बेळगावची ओळख अनेकांच्या मनात असते. हमरस्त्याला गाडी उभी राहते, डबे बांधून होतात आणि पुढे चोर्ल्याचा घाट लागतो. मला याचं दर वेळी वाईट वाटतं. या गावाला तीन दिवस द्यावेत इतकं इथे आहे, आणि ते कसं बघावं याचा एक क्रम आहे. माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी तोच क्रम सांगते. इथे नव्याने राहायला आलेल्यांनाही तो उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी: कुठल्या महिन्यात येताय?

बेळगाव सीमेवरचं गाव आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शहर कर्नाटकात. वेंगुर्ल्याच्या रस्त्याने निघालं की थोड्याच वेळात शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो, चोर्ल्याचा घाट उतरलं की गोवा. पण फिरायला येणाऱ्याने आधी समजून घ्यायची सीमा वेगळी आहे, ती पावसाची. शहर साधारण ७५० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या माथ्याला पाठ टेकून बसलेलं आहे. पश्चिमेला गेलात की लाल माती, जांभा, काजू, भातशेती आणि मग दाट रान. पूर्वेला तासाभरात तुम्ही काळ्या मातीत, ज्वारी-उसाच्या मुलखात पोचता. पश्चिमेच्या गावांत छत्री मिटत नाही त्याच दिवशी गोकाककडे कडक ऊन असू शकतं.

म्हणून माझा पहिला सल्ला ऐकायला उलटा वाटेल: भर पावसाळ्यात पाणी बघायचं असेल तर पूर्वेला जा. पश्चिमेला पडलेला पाऊस नद्यांतून पूर्वेकडेच वाहत येतो आणि तिथे तो कोरड्या पायांनी, मोकळ्या आभाळाखाली बघता येतो. जंगल बघायचं असेल तर पाऊस ओसरू द्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी पश्चिम आणि दक्षिण, जुलै ते सप्टेंबर पूर्व. एप्रिल-मेमध्ये आलात तर शहरातच जास्त वेळ काढा. इथला उन्हाळा सोसण्यासारखा असतो आणि वळवाचा पाऊस आला की संध्याकाळी चक्क गारवा पडतो.

पोचणं आणि बोलणं

पुणे–हुबळी रेल्वेमार्गावर बेळगाव स्टेशन आहे, सांबऱ्याला विमानतळ आहे, आणि कोल्हापूर रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आत. तिकीट काढताना नाव 'बेळगावी' असं दिसेल. २०१४ पासून सरकारदरबारी तेच आहे. स्टेशनजवळ, कँपात किंवा टिळकवाडीत उतरा, म्हणजे पहिल्या दिवसाची बहुतेक ठिकाणं पायी नाहीतर रिक्षाने होतात.

भाषेची काळजी नको. खडेबाजारात, गणपत गल्लीत मराठीत बोला, मराठीतच उत्तर येईल. बसच्या पाट्या मात्र कन्नडमध्ये असतात, तेव्हा पाटी लागत नसेल तर कंडक्टरला विचारून बसा. पूर्वेकडे जाणार असाल तर दोनच शब्द शिकून घ्या: 'यल्ली री?' म्हणजे कुठे हो, आणि 'एष्टु री?' म्हणजे किती हो. त्यातला 'री' विसरू नका. आपल्या 'अहो'सारखा तो आदर आहे. तो लावलात की समोरचा माणूस हातातलं काम ठेवून रस्ता दाखवतो.

पहिली सकाळ किल्ल्यात

बेळगावचा किल्ला डोंगरावर नाही, गावाला लागून सपाटीवर आहे. म्हणूनच नवख्यांच्या नजरेतून तो सुटतो. गडकोट चढायची सवय असलेल्या मराठी माणसाला हा किल्ला वाटतच नाही. पण भोवतीचा रुंद, खोल खंदक एकदा काठाने चालून बघा. लांबट गोल आकाराची तटबंदी, आत सुमारे १०० एकर जागा, आणि त्या जागेत आठशे वर्षं.

सकाळी लवकर जा आणि चालतच आत शिरा. दारातच गणपती आणि दुर्गादेवी आहेत; पूर्वीचे शिपाई इथे हात जोडून पुढे जात असतील, तसं आजही लोक थांबतात. आतला बराच भाग लष्कराकडे आहे. ओळखपत्र जवळ ठेवा आणि फोटो काढण्याआधी पहाऱ्यावरच्या जवानाला विचारा.

पहिलं थांबायचं ते कमल बस्तीपाशी. बस्ती म्हणजे जैन मंदिर. सौंदत्तीच्या रट्ट राजांनी आपली राजधानी इथे आणली तेव्हा या गावाचं नाव वेणुग्राम होतं, बांबूंचं गाव. चौथ्या कार्तवीर्य राजाचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली हे मंदिर बांधलं. मूर्ती नेमिनाथांची आहे. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. तिथेच थांबा, घाई करू नका. डोळे सरावले की काळ्या दगडाचे घोटीव खांब दिसू लागतात, इतके गुळगुळीत की बोट फिरवलं तर थंड काचेवरून फिरवल्यासारखं वाटतं. मग मान वर करा. छताच्या मधोमध दगडाचं कमळ खाली झुकलेलं आहे. ७२ पाकळ्या, प्रत्येकीवर एक तीर्थंकर: भूतकाळातले २४, वर्तमानातले २४ आणि भविष्यातले २४. जे अजून व्हायचे आहेत त्यांनाही कारागिराने जागा ठेवली आहे. मी लहानपणापासून कितीदा तरी हे कमळ पाहिलं आहे, आणि दर वेळी मान दुखेपर्यंत बघत राहते.

या मंदिराच्या उभारणीची आणि दानाची माहिती देणारे दोन शिलालेख आज इथे नाहीत, ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिकडे राहणाऱ्या मराठी वाचकांनी ते जरूर शोधून बघावेत. आपल्या गावच्या दगडाला परमुलखात कुणी भेटायला गेलं तर मला फार बरं वाटेल.

बस्तीतून बाहेर पडलात की साफा मशीद. विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार असदखान याने १५१९ साली ती बांधली. इथे वास्तूइतकेच खांब निरखा. त्यांतल्या दोन खांबांवर मशिदीच्या आधीच्या काळातले कन्नड भाषेतले लेख आहेत आणि ते नागरी लिपीत कोरलेले आहेत. एक ११९९ मधला, रट्टांचा. दुसरा १२६१ मधला, देवगिरीच्या कृष्ण यादवाच्या काळातला. भाषा एक, लिपी दुसरी, आणि खांब उभा तिसऱ्याच घरात. बेळगाव काय आहे हे कुणी मला एका वाक्यात विचारलं, तर मी त्याला या खांबापाशी घेऊन जाईन. मशीद लष्करी हद्दीत असल्याने प्रत्येक दिवशी आत जाता येईलच असं नाही. तसं असेल तर हट्ट न करता पुढे चला.

बाकीचा इतिहास चालता चालता सांगण्यासारखा आहे. १४७४ साली बहामनींचा वजीर महमूद गवान याने किल्ला जिंकला. पुढे आदिलशाही, मग मोगल, काही काळ हैदरअली, मग पेशवाई. १८१८ साली जनरल मन्रोच्या फौजेने वेढा घातला आणि किल्ला इंग्रजांकडे गेला. आजही तटावरून फिरताना तोफा कुठे रोखल्या असतील याचा अंदाज बांधता येतो.

निघण्याआधी रामकृष्ण आश्रमात जाऊन बसा. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद बेळगावात आले होते. आधी रिसालदार गल्लीत भाटे वकिलांकडे आणि नंतर किल्ल्यात वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे ते राहिले. शिकागोला जायच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट, तेव्हा त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. ते घर आता जपलेलं आहे. आवाज न करता, दहा मिनिटं तरी बसा.

बाहेर आल्यावर समोर किल्ला तलाव आहे. त्याच्या काठचा ११० मीटर उंच ध्वजस्तंभ तुम्हाला गावात कुठूनही दिसत राहील, वाट चुकलात तर उपयोगी पडतो.

दुपार-संध्याकाळ: कँप आणि टिळकवाडी

कँप म्हणजे छावणी. मोठाली झाडं, कौलारू बंगले, एकोणिसाव्या शतकातलं सेंट मेरीज चर्च आणि लष्कराने जिवापाड राखलेलं मिलिटरी महादेव मंदिर. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र याच गावात आहे. पहाटे कवायतीचा आवाज ऐकू आला तर तो त्यांचा. हा भाग उन्हं कलल्यावर पायी फिरा. गाडीने गेलात तर हाती काही लागणार नाही.

टिळकवाडीत काँग्रेस विहीर आहे. १९२४ च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, अधिवेशन इथे भरलं. महात्मा गांधींनी आयुष्यात अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन. त्यासाठी उभारलेल्या वसाहतीला 'विजयनगर' म्हणत. एवढ्या माणसांना पाणी पुरावं म्हणून विहीर खणली, तिला नाव दिलं 'पंपा सरोवर'. तंबू गेले, झोपड्या गेल्या, विहीर राहिली. गंगूबाई हनगल तेव्हा शाळकरी मुलगी होत्या आणि त्या अधिवेशनात त्या गायल्या होत्या. विहिरीच्या कठड्याशी उभी राहिले की मला ठराव आणि भाषणं आठवत नाहीत, त्या लहान मुलीचा आवाज एवढ्या गर्दीत कसा पोचला असेल हेच मनात येतं.

जवळच व्हॅक्सिन डेपोचं आवार आहे. देवीची लस इथे तयार व्हायची. आता लोक त्याला ओळखतात ते झाडांसाठी. शहराच्या पोटात एवढी जुनी, दाट झाडी दुसरीकडे नाही. सकाळी सहाला गेलात तर मोर ओरडताना ऐकू येतात. प्लास्टिकची बाटली, खाऊचे कागद आत टाकून येऊ नका, ही कळकळीची विनंती. या आवारावर गावाचा श्वास चालतो.

शहापूर, एक तासात

रेल्वेच्या पलीकडे कपिलेश्वराचं दर्शन घ्या. आपण याला दक्षिण काशी म्हणतो. गावातल्या गणपतींचं विसर्जन शेजारच्या तळ्यात होतं. तिथून शहापुरात शिरा. आज हा बेळगावचाच भाग वाटतो, पण संस्थानी काळात शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या राज्यात होतं आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांकडे. म्हणजे सकाळी भाजी आणायला माणूस एका राज्यातून दुसऱ्यात जायचा. विणकरांची वस्ती अजून आहे. शहापुरी लुगडं घ्यायचं असेल तर इथेच विचारा.

मांडे मिळाले तर सोडू नका. पालथ्या घातलेल्या तापल्या भांड्यावर हाताने लांबवलेली पोळी पसरायची, आत पिठीसाखर, आणि गरम असतानाच घडी घालायची. थंड झाली की ती मोडते, घडी होत नाही. करणारीचा हात थांबलेला मी पाहिलेला नाही. कुंदा शेवटच्या दिवशी घ्या, ताजा नेता येतो.

दुसरा दिवस पावसाळ्यात असेल तर: गोकाक आणि गोडचिनमलकी

सकाळी सातला निघा. गोकाकचा धबधबा साधारण साठ किलोमीटरवर आहे. घटप्रभा नदी सह्याद्रीतून येते, हिडकलच्या धरणात अडते आणि पुढे गोकाकला ५२ मीटरचा कडा एका झेपेत उतरते. घोड्याच्या नालासारखा कडा, पाणी तांबूस, गढूळ आणि आवाज छातीत घुमणारा. धरणातून पाणी सोडलेलं असेल तरच हे रूप दिसतं, म्हणून जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये, आदल्या दिवशी चौकशी करून जा.

काठावर चालुक्य शैलीचं जुनं महालिंगेश्वराचं मंदिर आहे. पलीकडे जुनी सूतगिरणी आणि तिच्यासाठी याच पाण्यावर १८८७ साली सुरू झालेली वीजनिर्मिती. नदीवर सुमारे २०० मीटर लांबीचा झुलता पूल आहे. तो चालण्यासाठी खुला असला तरच पाऊल टाका. कड्याच्या खडकावर उतरून फोटो काढणाऱ्यांचं बघून तुम्ही उतरू नका. शेवाळ दिसत नाही आणि पाणी अचानक वाढतं.

परतताना गोडचिनमलकीला वळा, गोकाकपासून पंधरा किलोमीटरच्या आसपास. इथली नदी मार्कंडेय. बेळगावच्या पश्चिमेला राकसकोपचं धरण आहे ना, ते याच नदीवर. त्याच धरणाचं पाणी आमच्या नळाला येतं. ती नदी शहराला वळसा घालून पूर्वेला येते आणि इथे दोन टप्प्यांत उडी घेते. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी धबधब्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं, घरचं कुणीतरी परगावी भेटावं तसं. गोकाकपेक्षा इथे गर्दी कमी, झाडी जास्त. जेवणाची सोय बरोबर ठेवा. गोकाकचं करदंट, डिंक आणि सुक्यामेव्याचं, तेवढं बाजारातून घेतलंत तर परतीचा रस्ता सुखाचा होतो.

पाऊस ओसरल्यावर: जांबोटी, कणकुंबी

जांबोटीचा रस्ता धरला की अर्ध्या तासात हवा बदलते. कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते. नकाशा उघडून बघा: ही मलप्रभा पूर्वेला वळते, सौंदत्ती ओलांडून कूडलसंगमाला कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी बंगालच्या उपसागरात जातं. याच खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला जाते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. एका तालुक्यातलं पाणी दोन समुद्रांना. देवळाच्या पायरीवर बसून हे मुलांना सांगा, भूगोल आयुष्यभर लक्षात राहील.

भीमगडचं अभयारण्य याच भागात आहे. बारापेडेच्या गुहांमधल्या दुर्मीळ वटवाघळांमुळे ते जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पण वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही. अस्वलांचा वावर आहे, वाटा चुकवणाऱ्या आहेत आणि फोन लागत नाही. वज्रपोह्यासारख्या धबधब्यांनाही हेच लागू. एका जुलैत पाहुण्यांच्या आग्रहाखातर मी परवानगी न विचारता गाडी आत घातली. नाक्यावरून परत पाठवलं ते बरंच झालं. तेवढ्या वेळात दोघांच्या पोटऱ्यांना जळवा लागल्या होत्या आणि ओढा आमच्यामागे वाढला होता. आता मी आधी खानापुरात चौकशी करते. मीठ किंवा तंबाखूची पुरचुंडी खिशात ठेवा, जळू ओढून काढू नका.

चंदगडकडे, म्हणजे महाराष्ट्राच्या बाजूला जायचं असेल तर तिलारीचा घाटमाथा आणि पारगड एका दिवसात होतात. पारगडावर तानाजी मालुसऱ्यांचे वंशज आजही राहतात. गडावर गेलात की पाहुण्यासारखे वागा.

तिसरा दिवस हलशीला द्या

बेळगाव–खानापूर–हलशी, साधारण चाळीस किलोमीटर. भातशेतातून जाणारा रस्ता. गाव एवढंसं, आणि एके काळी ही कदंब राजघराण्याची दुसरी राजधानी होती, पलाशिका. इथे सापडलेल्या ताम्रपटांमध्ये पाचव्या शतकातल्या दानाची नोंद आहे, तीही जैनांना दिलेल्या. पहिल्या सकाळी पाहिलेलं कमळ इथे आठवतं.

गावात भूवराह नरसिंहाचं मंदिर आहे, गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. देवळाला दोन गाभारे आणि ते समोरासमोर. मध्ये मंडप. एका बाजूला पृथ्वीला उचलून धरलेला वराह, पुरुषभर उंचीचा; दुसऱ्या बाजूला नरसिंह. मंडपाच्या मधोमध उभं राहिलात की दोन्ही देव एकमेकांकडे बघत असतात आणि तुम्ही त्यांच्या नजरेच्या वाटेत. मी तिथे नेहमी एक पाऊल बाजूला सरकते. पुजाऱ्यांना विनंती केलीत तर ते दिवा जवळ धरतात, मग वराहाच्या अंगावरचे दागिने एकेक करून उजळतात. गोव्यातलं तांबडी सुर्ल्याचं महादेवाचं देऊळ पाहिलं असेल तर कळस आणि खांब ओळखीचे वाटतील. मध्ये फक्त जंगल आहे, राज्य एकच होतं.

गावातली सुवर्णेश्वर, कल्मेश्वर ही लहान देवळं पायी होतात. वाटेत नंदगडला थांबा: कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला १८३१ साली इथे फाशी दिलं, आणि त्याच्या समाधीपाशी लोक अजून पाळणे बांधतात.

हलशीला बसने जाणार असाल तर खानापुरात उतरल्याबरोबर परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून ठेवा. गाव लवकर निजतं, राहायची सोय नाही, आणि देवळाचं दार बंद झाल्यावर तिथे कट्ट्यावर बसण्याखेरीज काही उरत नाही.